समाजमाध्यमांनी जग खरंच जवळ आलं का? परिसंवादासाठी ठोस माहिती हवी

दिवाळीअंकवाला

मंडळाच्या दिवाळी अंकात यंदा परिसंवाद आहे: ‘समाजमाध्यमांनी जग जवळ आणलं का?’ आतापर्यंत चार लेख आले. चारही लेखांत ‘दुधारी शस्त्र’ आहे, दोघांची सुरुवात ‘वसुधैव कुटुंबकम्’ने आणि एकाचा शेवट. आकडा एकातही नाही. यंत्रणा आतून कशी चालते याचा तर पत्ताच नाही.

तीन गोष्टी हव्यात. एक, हे जवळ येणं कुणी मोजलंय का, आणि लेखकांना स्वतःपुरतं मोजून बघता येईल का? दोन, एकमेकांना अजिबात न ओळखणारे वेगवेगळ्या देशांतले लोक नेटवरून एकत्र आले आणि काम झालं, असं उदाहरण. ‘लाखोंनी हॅशटॅग चालवला’ छापाचं नको. तीन, मंडळाचे सभासद पुणे, दुबई, लंडन, न्यू जर्सी, सिडनी असे पांगलेत, एक कुटुंब शांघायला. यांचा एकच ग्रुप चालवायचा तर काय काय अडतं?

‘साधन वाईट नसतं, वापरणारा वाईट असतो’ हे वाक्य आधीच तीनदा छापायला घेतलंय, तेवढं टाळा.

खडूस गणिती

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

मोजलंय. २०११ साली फेसबुकच्या तेव्हाच्या ७२ कोटी १० लाख सक्रिय खात्यांवर आणि त्यांच्यातल्या सुमारे ६,९०० कोटी मैत्र्यांवर अभ्यास झाला. कुठलीही दोन खाती घ्या, त्यांच्यात सरासरी ४.७४ पायऱ्या निघाल्या (एक पायरी म्हणजे एका खात्यावरून त्याच्या मित्राच्या खात्यावर). २०१६ मध्ये १५९ कोटी खात्यांवर पुन्हा हिशेब झाला, तेव्हा ४.५७. छापताना एक चूक हमखास होते, ती तुमच्या अंकात नको: पायऱ्या आणि मधली माणसं एक नव्हेत. ४.५७ पायऱ्या म्हणजे मध्ये ३.५७ माणसं. बऱ्याच लेखांत २०११ चा पायऱ्यांचा आकडा आणि २०१६ चा माणसांचा आकडा शेजारी ठेवतात. मग पाच वर्षांत जग एका पायरीहून जास्त आकसल्यासारखं दिसतं. खरा फरक ०.१७ चा.

आता दुसरा आकडा, जो कुणी छापत नाही. त्याच २०११ च्या माहितीत ८४ टक्के मैत्र्या एकाच देशातल्या दोघांच्या होत्या. पुढे अमेरिकेतल्या जिल्ह्यांवर काम झालं, त्यात सरासरी ६३ टक्के मित्र १०० मैलांच्या आत राहणारे निघाले. म्हणजे १६० किलोमीटर. पुण्याहून मुंबई गाठली की संपलं.

मग दोन्ही खरं कसं? वॉट्स आणि स्ट्रोगॅट्झ या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं होतं. हजार माणसं रिंगण करून उभी करा. प्रत्येकाची ओळख डावीकडच्या पाच आणि उजवीकडच्या पाच जणांशी. एकूण धागे ५,०००, आणि निरोप हातोहात द्यायचा तर सरासरी पन्नासेक पायऱ्या लागतात. आता त्यातले फक्त ५० धागे सोडवून रिंगणात कुठेही लांब बांधा. पायऱ्या एकदम काही पटींनी कमी होतात; पण प्रत्येकाच्या आजूबाजूचं टोळकं होतं तसंच राहतं. बहुतेकांना तर आपल्या रिंगणात काही बदललंय हे कळतही नाही. तेव्हा ‘अंतर कमी झालं’ हे गणित म्हणून खरं. ‘माणसं जवळ आली’ हा वेगळा दावा आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागतो.

लेखकांसाठी गृहपाठ: फेसबुकवरून आपली माहिती डाउनलोड करा. त्यातल्या मित्रयादीत मैत्री कधी झाली ती तारीख असते. तारखेने लावून दर दहावं नाव उचला, पन्नास नावं होईपर्यंत (यादी लहान असेल तर दर पाचवं). प्रत्येकापुढे चार रकाने: देश, जोडण्याआधी प्रत्यक्ष ओळख होती का, गेल्या १२ महिन्यांत दोन्ही बाजूंनी बोलणं झालं का, भाषा. ॲपमध्ये वरून दिसणारी पन्नास नावं घेऊ नका. तिथला क्रम तुमच्या वापरावरून लागतो, त्यामुळे ज्यांच्याशी बोलता तेच वर येतात आणि निकाल उगाच गोड दिसतो. ‘वाढदिवसाला एचबीडी’ हे बोलणं धरायचं नाही.

मृगजळ

गणितींनी धागा दाखवला. त्या धाग्यावरून काय वाहतं तेही बघायला हवं.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा, १ जुलै २०१८. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ‘मुलं पळवणारी टोळी’ समजून जमावाने मारून टाकलं. त्या महिन्यांत देशभर अशा अफवा फिरत होत्या. त्यांच्यासोबत फिरणाऱ्या एका व्हिडिओचं मूळ कराचीतल्या जाहिरातीत होतं. मुलांच्या सुरक्षिततेबद्दल पालकांनी जागं व्हावं म्हणून केलेली. दुचाकीवरून मूल उचलून नेणारे शेवटी त्याला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला. पाकिस्तानातली जाहिरात सीमा ओलांडून आपल्या वाड्यावस्त्यांत पोचली. ‘जग जवळ आलं’ याचं याहून नेमकं उदाहरण सापडणार नाही, आणि परिसंवादात ते असायलाच हवं.

त्यानंतर व्हॉट्सॲपने काय केलं तेही नीट लिहा, लोक क्रम चुकवतात. जुलै २०१८ मध्ये भारतापुरती एका वेळी पाच जणांना किंवा ग्रुपना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० पासून ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असा दुहेरी बाण असलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी जातो. यातली भोकं: मजकूर कॉपी करून चिकटवला की बाण जातो. व्हिडिओ उतरवून नव्याने चढवला तरी जातो. म्हणून ‘बाण नाही, म्हणजे पाठवणाऱ्याचं स्वतःचं’ असं कधीच समजू नये.

दुसरी बाजू क्रमवारीची, म्हणजे कुठली पोस्ट वर दिसणार त्याची. फेसबुकने २०१७ मध्ये इमोजी प्रतिक्रियांना साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं, रागाचा चेहरासुद्धा त्यातच. हे वजन टप्प्याटप्प्याने उतरवत सप्टेंबर २०२० मध्ये रागाचं शून्यावर आणलं. तीन वर्षं चिडवणारी पोस्ट वर चढायला यंत्रणाच हात देत होती. इथे ‘वापरणारा वाईट’ हे उत्तर कसं पुरेल?

आणि ‘एकमेकांचं म्हणणं ऐकलं की दुरावा जातो’ हेही तपासून झालंय. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या प्रयोगात ट्विटर वापरणाऱ्यांना ११ डॉलर देऊन महिनाभर विरुद्ध पक्षाची मतं पुढे पाठवणाऱ्या एका बॉटला (आपोआप चालणाऱ्या खात्याला) फॉलो करायला लावलं, रोज २४ पोस्ट. रिपब्लिकन आपल्या मताकडे आणखी ठळकपणे झुकले. डेमोक्रॅटही किंचित झुकले, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही.

खडूस गणिती

@मृगजळ, प्रयोग बरोबर सांगितलात, पण अर्थ जास्त ताणू नका. एक देश, दोन पक्ष, एक महिना. शिवाय उलटा प्रयोगही झालाय: २०२० च्या निवडणुकीत २३ हजारांवर फेसबुक वापरणाऱ्यांच्या फीडमधला ‘आपल्यासारख्यांचा’ मजकूर तीन महिने साधारण एक तृतीयांशाने कमी केला. राजकीय मतांत मोजण्याजोगा फरक पडला नाही. नुसतं काय दिसतं ते बदलून माणूस फारसा हलत नाही, ना इकडे ना तिकडे. मला तरी दोन्ही प्रयोगांतून एवढंच दिसतं.

नकाशेवाला

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते फीडमध्ये सापडणारच नाही. ओपनस्ट्रीटमॅपकडे बघा, म्हणजे लोकांनी मिळून नेटवर आखलेल्या जगाच्या खुल्या नकाशाकडे. याला समाजमाध्यम म्हणायचं का यावर वाद घाला, पण अनोळखी लोक, वेगवेगळे देश आणि झालेलं काम या तुमच्या तिन्ही अटी इथे पुऱ्या होतात.

१२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला तेव्हा पोर्तो प्रिन्स शहराचा धड खुला नकाशा नव्हता. उपग्रह कंपन्यांनी ताजी चित्रं खुली केली आणि जगभरातल्या लोकांनी घरबसल्या रस्ते, पडलेल्या इमारती, तंबूंच्या छावण्या आखल्या. बचाव पथकांनी तोच नकाशा वापरला. त्याच वर्षी ‘हॉट’ ही मानवतावादी नकाशांची संस्था उभी राहिली. २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळ भूकंपात हेच मोठ्या प्रमाणावर झालं. तिथे आणखी एक गोष्ट होती: काठमांडू लिव्हिंग लॅब्ज हा स्थानिक गट भूकंपाच्या आधीपासून शहराचा नकाशा करत होता. बाहेरच्यांनी रेषा आखायच्या आणि नावं गावातल्यांनी द्यायची, अशी वाटणी आपोआप झाली. उपग्रहाला छप्पर दिसतं. ती शाळा आहे की गोदाम हे शेजारच्यालाच माहीत.

काम कसं चालतं ते सांगतो, कारण एकी नेमकी तिथे आहे. ‘हॉट’च्या टास्किंग मॅनेजरवर, म्हणजे काम वाटून देणाऱ्या संकेतस्थळावर, मोठा प्रदेश लहान चौकोनांत कापलेला असतो. तुम्ही एक चौकोन घेता, तो तुमच्या नावाने बंद होतो म्हणजे दुसरा कुणी त्यात हात घालत नाही. दोन तासांत पुरा केला नाही तर आपोआप मोकळा होतो. घरं, रस्ते आखायचे, ‘पूर्ण’ किंवा ‘अपूर्ण’ सांगून सोडायचं. मग दुसरा, सहसा जास्त अनुभवी माणूस तो तपासतो आणि चुकलं असेल तर परत पाठवतो. दोघांना एकमेकांची भाषा यायची गरज नाही, मतं जुळायची तर मुळीच नाही. कुणाचा पक्ष कोणता, हे विचारायला तिथे जागाच ठेवलेली नाही!

नवख्यांच्या चुका ठरलेल्या आहेत. सूचनेत सांगितलेलं उपग्रहचित्र न निवडता दुसरं निवडलं की सगळी घरं काही मीटर सरकतात. तिरप्या चित्रात छपराची कड आखतात. आखायचा असतो जमिनीवरचा पाया, म्हणून आकृती काढून ती पायावर सरकवायची. शेजारची दोन घरं एकात गुंडाळतात. गवताच्या गंजीला झोपडी समजतात. कोपरे वेडेवाकडे राहतात. ब्राउझरमधल्या नकाशा आखायच्या साधनात घर निवडून ‘क्यू’ दाबलं की काटकोन होतात. झोपडी गोल असेल तर मात्र ‘ओ’.

मानसशास्त्रातही हे जुनं आहे. दोन गट एकत्र आल्यावर त्यांच्यातले पूर्वग्रह कमी व्हायचे तर काय लागतं, याच्या चार अटी गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ मध्ये मांडल्या: गटांचा दर्जा सारखा, ध्येय एक, काम एकमेकांच्या मदतीने, आणि पाठीशी एखादी मान्य व्यवस्था. फीडमध्ये यातली एकही अट मुद्दाम रचलेली नसते. चौकोनांच्या नकाशात चारही असतात.

वेळापत्रक

तिसरा प्रश्न, फार तात्त्विक न होता.

वेळ आधी. भारत घड्याळ पुढेमागे करत नाही; न्यू जर्सी, लंडन आणि सिडनी करतात. हिवाळ्यात न्यू जर्सी आपल्या साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. लंडन साडेपाच, मग साडेचार. दुबई बाराही महिने दीड तास मागे. सिडनीचा उन्हाळा आपल्या हिवाळ्यात, तेव्हा ते साडेपाच तास पुढे आणि एरवी साडेचार. शांघाय कायम अडीच तास पुढे.

आता जानेवारीतला रविवार धरा. पुण्यात रात्री साडेआठ म्हणजे दुबईत सात, लंडनला दुपारचे तीन, न्यू जर्सीत सकाळचे दहा. सुरेख. पण शांघायला रात्रीचे अकरा आणि सिडनीत सोमवारी पहाटेचे दोन. उलट पुण्यात रविवारी सकाळी साडेसात धरा: सिडनीत दुपारचा एक, शांघायला दहा, न्यू जर्सीत शनिवारी रात्रीचे नऊ. इथे लंडनवाले पहाटे दोनला. सगळ्यांना सोयीची एक वेळ नाही, शोधत बसू नका. दोन वेळा ठरवा आणि आलटून पालटून घ्या. नाहीतर सिडनीवाले वर्षभर फक्त फोटो बघतात आणि पुढच्या वर्षी वर्गणी देत नाहीत.

गोंधळाचे आठवडे लक्षात ठेवा. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, ब्रिटन शेवटच्या. मधले दोन-तीन आठवडे नेहमीचा हिशेब चुकतो. ऑक्टोबरअखेर तसंच: ब्रिटन शेवटच्या रविवारी मागे येतं, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. दिवाळीचा ऑनलाइन कार्यक्रम नेमका याच सुमारास असतो! निमंत्रणात प्रत्येक शहराची वेळ आणि वार दोन्ही लिहा, आणि महिना अक्षरात. ३/४ हे पुण्यात ३ एप्रिल, न्यू जर्सीत ४ मार्च.

आता ॲप. व्हॉट्सॲप ग्रुपची मर्यादा १,०२४ सभासद, तुम्हाला पुष्कळ झाली. दुबईत निरोप जातात, पण व्हॉट्सॲपवरून कॉल लागत नाही. कार्यक्रम झूम किंवा टीम्सवर घ्या. व्हीपीएन (अडवलेली सेवा आडवाटेने उघडणारं साधन) वापरा असा सल्ला ग्रुपवर देऊ नका, तिथल्या कायद्याने माणूस अडचणीत येऊ शकतो. शांघायची गंमत बघा: चीनमध्ये फेसबुक २००९ पासून बंद, व्हॉट्सॲप २०१७ पासून. तिकडे चालतं वीचॅट, ज्यावर भारताने २९ जून २०२० ला टिकटॉकसोबत बंदी घातली. जगातल्या सर्वांत मोठ्या दोन लोकसंख्यांना सरळ जोडणारं एकही मोठं समाजमाध्यम नाही. परिसंवादात हे एक वाक्य टाकाच. त्या कुटुंबाला ईमेल पाठवा, तोही जीमेलच्या पत्त्यावर नको. तेही तिथे अडतं.

ग्रुपची रचना: एक मुख्य, त्यात फक्त ॲडमिन लिहिणार, आठवड्याला दोन निरोपांच्या वर नाही. गप्पांचा वेगळा, ज्याला हवा त्याने यावं. नवीन सभासद ॲडमिनच्या मंजुरीनेच. ॲडमिन किमान तीन, तीन वेगळ्या खंडांतले, म्हणजे रात्री दोनला आलेली अफवा सकाळपर्यंत पडून राहत नाही. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा फोन नंबर सगळ्यांना दिसतो, हे आत घेण्याआधी सांगा. अनेक जणी याच कारणाने न बोलता बाहेर पडतात आणि मंडळाला वाटतं उत्साह नाही.

ऱ्हस्वदीर्घ

भाषेचं कुणीच काढलं नाही. यंत्राने केलेलं भाषांतर आता एका बोटावर आहे (गूगलच्या अनुवादात मराठी २०१३ पासून). त्यामुळे ‘भाषेची भिंत पडली’ हे वाक्य कुठल्या ना कुठल्या लेखात येणारच. लाल पेन तयार ठेवा.

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे. ‘आम्ही दिवाळी करतोय’ यात ऐकणारा बाहेर, ‘आपण दिवाळी करू’ यात तो आत. गुजरातीत अमे आणि आपणे, तमिळमध्ये नांगळ आणि नाम, तिथेही हा भेद आहे. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, हिंदीतही ‘हम’. म्हणजे कुणाला आत घेतलं आणि कुणाला बाहेर ठेवलं, नेमकं तेच भाषांतरात गळतं. त्यातून आपलं ‘आपण’ आदराने ‘तुम्ही’ म्हणूनही येतं. ‘आपण कधी येणार?’ याचं यंत्र कधी ‘आम्ही कधी येणार’ करील, कधी ‘तुम्ही’.

मंडळाचे निरोप पुढच्या पिढीसाठी किंवा अमराठी जावयांसाठी भाषांतरातून जाणार असतील तर कर्ता लिहा. मराठीत आपण तो सहज गाळतो आणि यंत्र मग मनाने घालतं. एका वाक्यात एकच क्रियापद ठेवा. ‘त्यांनी आपल्याला पाणी पाजलं’ असं क्रिकेटबद्दल लिहाल तर तिकडे आदरातिथ्य पोचेल. ‘लाख’ऐवजी पूर्ण आकडा. पाठवण्याआधी भाषांतर पुन्हा मराठीत उलटवून वाचा. जिथे हसू येईल ते वाक्य बदला.

दिवाळीअंकवाला

सगळ्यांचे आभार, दोन लेख परत पाठवतोय. @नकाशेवाला, मंडळाने दिवाळीच्या सुट्टीत एक नकाशा बैठक घ्यायची म्हटलं तर किती माणसं, किती वेळ, काय सामान? आणि पोरांना चालेल का?

नकाशेवाला

दहा-बारा माणसं, दोन तास. प्रत्येकाला लॅपटॉप आणि माउस. टचपॅडवर घरं आखताना अर्ध्या तासात बोटं दुखतात, फोनवर होतच नाही. खाती आदल्या दिवशी उघडायला लावा, एकाच वायफायवरून एकदम बारा खाती काढायला गेलं की कधीकधी अडवतात. पहिली वीस मिनिटं एकाच चौकोनावर पडद्यावर दाखवा, मग प्रत्येकाला वेगळा. दर पाच नवख्यांमागे एक जाणता फिरता ठेवा. नवशिक्यांसाठीचा प्रकल्प निवडा, शक्यतो घरं विरळ असलेला खेड्यांचा. शहराची दाट वस्ती पहिल्या दिवशी अजिबात नको. दर दहा घरांनी जतन करा, नाहीतर वीज गेली की सगळं पाण्यात. मुलं चालतील, तेरा वर्षांच्या वरची, सोबत मोठं माणूस.

सिडनीवाल्यांना त्याच प्रकल्पावर त्यांच्या वेळेने बसू द्या. चौकोन वेगळे असतात, वेळ जुळवायची गरजच पडत नाही.